मागच्या खोलीची पाहणी

आत्याच्या घरात पाहुण्याने कुठवर यायचं, याची हद्द ठरलेली होती. उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, त्याही टाचा भिंतीकडे करून. मग पायपुसण्यावर पाय पुसायचे. हे 'पुसल्यासारखं करणं' नव्हे. आत्या उभी राहून बघायची. मग पुढच्या खोलीत खुर्चीवर बसायचं, चहा प्यायचा, घराचं कौतुक करायचं आणि निघायचं. पुढच्या खोलीच्या टोकाला एक पडदा होता आणि पडद्यामागे मागची खोली. ती आजवर बाहेरच्या कुणी पाहिली नव्हती. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस चुकून पडद्याला हात लावून बसला, तर आत्याने त्याला असा आवाज दिला की बिचाऱ्याने जाताना स्वतःचीच चप्पल उलटी घातली.

आत्या खरं तर एकाच मुलीची आत्या. धाकट्या भावाची मुलगी लहानपणी दिवसभर 'आत्या, आत्या' करत गल्लीभर हिंडायची. ती लग्न होऊन दूर गेली, पण हाक गल्लीतच राहिली. आता आत्यापेक्षा वयाने मोठी माणसंही तिला आत्याच म्हणत आणि तीही त्यांना भाचरांसारखीच झापत असे.

धंदा लाँड्रीचा. घराला लागूनच अरुंद दुकान. डॉक्टरांचा कोट येवो की बँडवाल्याचा, दोघांना वागणूक सारखी, म्हणजे बोलणी. "हा डाग कशाचा? जेवता की अंगावर ओतून घेता?" असं विचारूनच ती कपडा ताब्यात घ्यायची. पण परत मिळायचा तेव्हा तुटलेलं बटण लावलेलं असायचं, उसवलेला खिसा शिवलेला असायचा आणि कॉलर अशी ताठ, की घालणाऱ्याला आपसूक मान वर करून चालावं लागे. त्यामुळे लोक बोलणी खात आणि पुन्हा येत.

हा धाकटा भाऊ म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. बायको गेल्यापासून बहिणीकडेच राहायचा. घरात तो मागच्या खोलीचा रहिवासी, आणि आत्याच्या शिस्तीचा एकमेव आजन्म कैदी. हा हुद्दा त्यानेच स्वतःला दिलेला.

गल्ली म्हणजे घरांची एक लांब रांग. तोंडं रस्त्याकडे, पाठी नाल्याकडे. पुढून ही गल्ली नीटनेटकी: धुतलेल्या पायऱ्या, कुंड्या, पडदे. पसारा काय तो प्रत्येकाच्या मागच्या खोलीत, दाराआड, आपापला. याबाबतीत सगळी गल्ली आत्याच्याच शाळेत शिकलेली.

त्या साली नदी फुगली. तिने नाल्याचं पाणी घ्यायचं नाकारलं आणि नाला आला तसा परत फिरून थेट गल्लीत शिरला. माणसं वेळेवर शाळेच्या वरच्या मजल्यावर गेली, म्हणून सगळी सुखरूप राहिली. पाणी खिडक्यांच्या कड्यांपर्यंत चढलं, ऐसपैस राहिलं आणि जाताना घराघरात गुडघाभर गाळ ठेवून गेलं.

लोक परतले आणि दारात उभे राहून रडायच्या बेताला आले. आत्याने पदर खोचला.

"रडायचं नंतर. आधी हा चिखल ओला आहे तोवर काढा. वाळला की सिमेंट होतं, मग बसा छिन्नी घेऊन."

मग काय विचारता! बादल्या, फावडी, खराटे, फिनेल. आत्या आपलं घर घासत होतीच, शिवाय दुसऱ्यांच्या घरात डोकावून "तो कोपरा राहिला" असं सांगत होती. कोपऱ्यावर पंक्चरवाल्याचं घर. माणूस एरवी हात काळे करूनच पोट भरणारा, पण त्यालाही तिने दाराची चौकट दोनदा धुवायला लावली. चुना आला, भिंती पांढऱ्या झाल्या. जे सामान फुगलं, कुजलं, वाकलं, ते टाकवेना म्हणून मागच्या खोलीत गेलं. थोड्याच दिवसांत गल्ली पुढून अशी दिसू लागली, की पूर दुसऱ्याच कुठल्या गावात आला असावा.

मागच्या खोलीत मात्र एक भानगड होती. नाल्याकडची भिंत मध्यभागी फुगली होती, जेवून उठलेल्या माणसाच्या पोटासारखी.

"ताई, ही भिंत माझ्याकडे सरकतेय," भाऊ म्हणाला.

"काहीतरीच. ओल आहे, वाळेल."

"वाळेल तेव्हा वाळेल. काल खाटेपासून वीतभर लांब होती, आज कोपर लागतंय. तिला माझी सोबत आवडलेली दिसते."

आत्याने उत्तर म्हणून लोखंडी कपाट ओढून त्या फुगवट्यापुढे उभं केलं. वर स्वच्छ चादर टाकली. दिसेनासं झालं म्हणजे तिच्या लेखी निम्मं काम झालं.

अशात पंक्चरवाला बातमी घेऊन आला. महापालिकेची माणसं पूरग्रस्त भागाची पाहणी करताहेत. घराघरात येणार, भिंती, छपरं, गटारं, खांब, सगळं बघणार. कुठे काय पडलंय, कुठे आधी काम करायचं, ते त्यावरून ठरणार.

"घराघरात?" आत्याने विचारलं.

"प्रत्येक घरात."

आत्याचे डोळे असे चमकले, जणू तिच्याच घरी वरात यायची होती. "मग हे असं चालायचं नाही. चुन्याचा अजून एक हात द्या सगळे!"

पाहणीला आली ती एक तरुण इंजिनीअर. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगात खिसेच खिसे असलेलं जॅकेट, हातात टॅब, खांद्याला पिशवी, पिशवीत तीन रंगांच्या स्टिकरचे गठ्ठे. बाकीच्या वस्त्यांत तिने पडक्या भिंती, लोंबत्या तारा आणि कुजक्या गाद्यांचे ढीग बघितले होते. इथे गल्लीच्या तोंडाशी ती थबकली आणि तिने टॅबवर पत्ता पुन्हा तपासला.

"पूर इथे आला होता ना?"

"आला होता म्हणजे! खिडकीपर्यंत!" आत्या अभिमानाने म्हणाली. "पण बघा, कळतंय का कुठे? मॅडम, बूट तेवढे बाहेर."

सगळी पाहणी मोज्यांवर झाली. इंजिनीअरबाई पुढच्या खोलीत उभी राहून भिंती बघू लागली. पांढऱ्या. कोपरे बघू लागली. स्वच्छ. टेबलावर इस्त्री केलेला टेबलक्लॉथ, त्यावर चहा.

"मागे काय आहे?" तिने पडद्याकडे बोट केलं.

"मागे काय असायचं? अडगळ. तिथे काय बघायचंय, भिंती याच त्या." आत्या पडद्यापुढे अशी उभी राहिली, की तिच्यावर हात टाकूनच आत जाता आलं असतं. "तुम्ही चहा घ्या, गार होतोय."

पडद्यामागून खोकल्याचा आवाज आला.

"कोण आहे?"

"अडगळ," आतून भाऊ म्हणाला.

इंजिनीअरबाई हसली. तिला अख्खा भाग संपवायचा होता, माणसं कमी, आणि समोर घरंच्या घरं एकाहून एक चकचकीत. प्रत्येक घरात तीच तऱ्हा: पुढची खोली आरशासारखी, मागच्या खोलीपुढे घरधनीण. नाला तिने पुलावरून वाकून पाहिला. घरांच्या पाठी झुडपांनी आणि वाहून आलेल्या कचऱ्याने झाकलेल्या होत्या. ती टॅबवर टिचक्या मारत गेली आणि जाताना गल्लीतल्या एकूण एक दारावर हिरवा स्टिकर चिकटवून गेली.

गल्लीत आनंदीआनंद. हिरवा! सिग्नलला हिरवा म्हणजे सुटलो, निकालात हिरवी शाई म्हणजे पास. शेजारच्या वस्तीत तर दारोदार लाल होते. "बघितलंत?" आत्या म्हणाली. "त्या लोकांनी गाद्या तशाच रस्त्यावर टाकलेल्या. काय वाटलं असेल त्या मुलीला! आपल्या गल्लीचा पहिला नंबर." संध्याकाळी तिने सगळ्यांना चहा पाजला. पंक्चरवाल्याने तर आपल्या स्टिकरभोवती चौकट काढली.

दुसऱ्या दिवशी तोच पंक्चरवाला वॉर्ड ऑफिसात कुणाची तरी सायकल पोचवायला गेला आणि परत आला तो चेहरा पाडून.

"आत्या, आपण पास नाही झालो."

"म्हणजे?"

"हिरवा म्हणजे इथे काही झालेलं नाही, खुशाल राहा, काम नको. पिवळा म्हणजे दुरुस्ती. लाल म्हणजे आधी टेकू, आधी नाला, आधी सगळं. शेजारी आजपासून माणसं लागली कामाला. आपलं नाव यादीत सगळ्यात शेवटी. नालासुद्धा शेवटी. मी विचारलं, 'शेवटी म्हणजे कधी?' तर तो कारकून हसला."

गल्ली आत्याच्या दारात जमली. जिने काल चहा पाजला, तिच्याच पायरीवर आज सगळे तोंड वाकडं करून उभे. "आत्या, तुमच्यामुळे दोनदा चुना मारला." "माझं म्हणणं होतं ती गादी राहू दे बाहेर." "पुढच्या पावसात नाला पुन्हा आला, की काय त्याला स्टिकर दाखवायचा?"

आत्या कुणाला दाद देणारी नव्हती. "घाणीत पाहुणे घ्यायचे होते का? मला नाही जमणार," म्हणत तिने दार लावलं. पण दाराआड ती बराच वेळ तशीच उभी राहिली, हे फक्त भावाने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ पुढच्या खोलीत आरशासमोर दाढी करत होता. मागून धप्पकन आवाज आला. दोघं पडद्याआड धावले. कपाट पुढे झुकलं होतं आणि त्याच्या वरच्या बाजूने भिंतीचा एक मोठा गिलाव्याचा पोपडा, दगडाच्या तुकड्यासकट, खाटेवर येऊन पडला होता. बरोबर उशीवर. उशीला खळगा पडला होता.

भाऊ एका गालाला साबण तसाच घेऊन उभा. "चला," तो म्हणाला, "दाढीचा कधीतरी उपयोग झाला."

आत्याने उशी उचलली, झटकली, उलटी केली आणि पुन्हा खाटेवर न ठेवता छातीशी धरून उभी राहिली. मग तिने भावाची खाट स्वतः ओढत पडद्यापर्यंत आणली. पडद्याच्या पुढे मात्र नाही. अजून नाही.

लगेच ती वॉर्ड ऑफिसात गेली. इंजिनीअरबाईच्या टेबलाभोवती माणसांचं मोहोळ. आत्याची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, आमचा हिरवा काढून टाका."

"आत्या, तुम्हीसुद्धा?" इंजिनीअरबाईने डोक्याला हात लावला. "सकाळपासून सगळे हेच म्हणताहेत. काल एकाने चांगलं छप्पर स्वतः फोडून ठेवलं लाल मिळवायला. आणि तुमचे तर फोटो आहेत माझ्याकडे." तिने टॅब पुढे केला. पांढरी भिंत, टेबलक्लॉथ, चहा. पाहुण्यांना दाखवावा असा फोटो. "हा बघा. यात मी काय लिहू?"

आत्याच्या जिभेवर 'मागच्या खोलीत' हे शब्द आले होते. पण तिथे ओळखीची, अनोळखी, इतकी माणसं. ती म्हणाली एवढंच, "पुन्हा एकदा या."

"येईन. पण कधी ते सांगणार नाही. सांगितलं की लोक तयारी करतात."

ती पुन्हा येणार, ही बातमी गल्लीत पोचली आणि गल्लीने तयारीच केली. पंक्चरवाला बादलीत नाल्याचा चिखल घेऊन दारोदार फिरू लागला. "चुना मारताना आत्याचं ऐकलंत, आता माझं ऐका. थोडा थोडा सगळ्यांनी भिंतीला."

आत्याच्या दारात आला, तेव्हा ती खराटा घेऊनच उभी होती. "उंबऱ्याच्या आत एक थेंब पडला तर तो तुला चाटायला लावीन."

"आत्या, खऱ्याची दुनिया नाही."

"खरं-खोटं राहू दे. आधी त्याचा वास बघ!"

बाकीच्यांनीही बादलीत डोकावून नाक धरलं आणि दारं लावली. शेवटी पंक्चरवाल्याने एकट्याने आपलं घर रंगवलं. तेही असं मनापासून, की माळ्यापर्यंत.

इंजिनीअरबाई एका दुपारी न सांगता उगवली आणि नेमकी आधी कोपऱ्यावरच्या घरात शिरली. गल्ली दाराशी गोळा झाली.

"पाणी माळ्यापर्यंत चढलं होतं?"

"चढलं म्हणजे! वरपर्यंत!"

"पंखा चालू आहे की."

"पंखा... मजबूत कंपनीचा आहे."

तिने भिंतीवरचं कॅलेंडर बोटाने उचललं. कॅलेंडर कोरं करकरीत, त्याच्या मागे भिंतीचा पांढराशुभ्र चौकोन, आणि चौकोनाभोवती चिखल. पठ्ठ्याने कॅलेंडर न काढताच भिंत सारवली होती. "आणि पाणी कॅलेंडरला वळसा घालून गेलं वाटतं?"

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. इंजिनीअरबाई मात्र हसली नाही. "मी लोकांची पडलेली घरं सोडून इथे आले होते," ती म्हणाली. तिने टॅब पिशवीत टाकला. "तुमचे हिरवेच राहू देत." आणि ती तरातरा गल्लीच्या तोंडाकडे निघाली.

तिच्या वाटेत आत्याचं दार होतं आणि दारात आत्या. ती गेली की परत येणार नव्हती, हे आत्याला कळत होतं. पडद्याशी टेकवलेली खाट तिला पाठीमागे न बघताही दिसत होती.

"मॅडम, थांबा."

"आत्या, आता नको. मी चहा घेणार नाही."

"चहा देतंय कोण तुम्हाला? आत या."

इंजिनीअरबाई सवयीने उंबऱ्याशी वाकली आणि बुटाला हात घातला.

"बूट काढू नका," आत्या म्हणाली. "तशाच या."

गल्ली टाचा उंचावून बघू लागली. पंक्चरवाल्याने तर चिखलाचा हात तसाच डोक्याला लावला. पुढे आत्या, मागे बुटांचे ठसे उमटवत इंजिनीअरबाई, आणि आत्याने स्वतःच्या हाताने पडदा बाजूला केला.

आत पायाला जागा नव्हती. फुगून फुटलेली गादी, पोट सुटलेली पेटी, वाकलेलं इस्त्रीचं टेबल, भाचीची जुनी वह्यापुस्तकं लगदा होऊन एकमेकांना चिकटलेली, एक कुणाचा तरी सायकलची हवा भरायचा पंप. आणि वास. आत्या मान खाली घालून उभी होती. मीटरवाल्याला पिटाळणारी ती हीच बाई, हे कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं.

"हे कपाट ओढायला हात लावा," ती पुटपुटली.

कपाट सरकलं आणि इंजिनीअरबाई एक पाऊल मागे आली. भिंतीचं पोट आता चांगलं पुढे आलं होतं, मधोमध उभी भेग, भेगेतून नाल्याकडचा उजेड दिसत होता. तिने पिशवीतून भिंतीतली ओल मोजायचं यंत्र काढलं, टेकवलं. यंत्राने असा सूर लावला, की भाऊ म्हणाला, "हॉर्न चांगला आहे."

"इथे कोण झोपतं?"

"मी," भाऊ म्हणाला. "म्हणजे मी आणि भिंत, आळीपाळीने घोरतो."

"आत्ता बाहेर व्हा दोघं. आत्ता!" मग ती आत्याकडे वळली. "आत्या, हे तुम्ही त्या दिवशी का नाही दाखवलंत?"

"पसारा होता ना," आत्या म्हणाली.

इंजिनीअरबाईने यंत्र पिशवीत टाकलं. "चूक माझीही आहे," ती म्हणाली. "पडदा बाजूला करायला हवा होता मी." मग ती दारात आली आणि शेजारच्या घराकडे बघत राहिली. "तुमचीसुद्धा मागची खोली बघू."

शेजारीण दोन्ही हात पसरून दारात. "आमचं काही नाही हो, अडगळ आहे नुसती."

"दार उघड गं," आत्या म्हणाली. "माझी बघितली ना सगळ्यांनी? आता तुझी लाज काय सोन्याची लागून गेली?"

शेजारणीच्या मागच्या खोलीत भिंतीला उभं केलेलं टेबल होतं. टेबलामागे फुगवटा. त्याच्या पलीकडच्या घरात गाद्यांची चळत, चळतीमागे फुगवटा. त्याच्या पलीकडे जाजम टांगलेलं, त्यामागे फुगवटा, तसाच, तेवढ्याच उंचीवर. प्रत्येकाने आपापल्या भिंतीचं पोट गुपचूप झाकलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपलीच भिंत कच्ची, बापजाद्यांनी आपल्यालाच फसवलं, शेजाऱ्याला कळलं तर काय म्हणेल.

"तुझीसुद्धा?" शेजारीण आत्याला म्हणाली.

"तुझीसुद्धा!" आत्या म्हणाली. आणि दोघी खुदकन हसल्या, मग खदखदून, मग डोळ्यांना पदर लावून.

इंजिनीअरबाईला हसायला फुरसत नव्हती. तिने पंक्चरवाल्याला कोयता आणायला सांगितला. "चिखल मारायचा उत्साह होता ना? आता झुडपं कापा." तो निमूटपणे घरांच्या पाठीमागे वाट काढत गेला आणि ती त्याच्या मागे. परत आली तेव्हा तिचं जॅकेट काखेपर्यंत चिखलाने माखलं होतं, पण चेहऱ्यावरचा राग गेला होता.

"तुमच्या भिंती कच्च्या नाहीत," ती गल्लीला म्हणाली. "नाल्याचा जो काठ आहे ना, दगडी, तो पाण्याने खालून पोखरलाय. सबंध काठ तुमच्याकडे कलंडलाय आणि तुमच्या भिंतींवर रेलून बसलाय. पुलावरून हे दिसतच नाही. एकेकाची भिंत दुरुस्त करून काही व्हायचं नव्हतं. नालाच आधी धरायला हवा. नशीब, एका घरात कळलं. नाहीतर पुढच्या पाण्याला ही अख्खी रांग बसली असती."

ती तिथेच पायरीवर बसून फोनवर बोलू लागली: टेकू, वाळूच्या पिशव्या, माणसं, आजच. बोलता बोलता हाताने सांगत होती, मागच्या खोल्या रिकाम्या करा.

आणि मग गल्लीने जे कधी पाहिलं नव्हतं ते झालं. आत्याचा पसारा भर दुपारी, सगळ्यांदेखत रस्त्यावर आला. पहिली गादी बाहेर पडली तेव्हा तिने तोंड फिरवलं. पण तोवर शेजारणीची गादी निघाली, ती आत्याच्या गादीहून वाईट होती. मग पलीकडच्यांची. लवकरच रस्त्याला रस्ता दिसेना. पुराने घराघरातल्या वस्तूंची अदलाबदलही केली होती आणि जो तो परकी वस्तू आपल्याकडे आली म्हणून संकोचून लपवून बसला होता. पंक्चरवाल्याला आपला हवेचा पंप आत्याच्या ढिगात सापडला. आत्याची बाह्या इस्त्री करायची लाकडी फळी त्याच्याकडे निघाली. त्याने त्या फळीवर टायर टांगले होते.

"माझ्या फळीवर टायर?" आत्याचा जुना आवाज परत आला, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

उन्हं कलायच्या आत टेकूवाले आले. इंजिनीअरबाईने हिरवे स्टिकर खरवडून काढले आणि घर बघून बघून नवे लावले: बरेचसे पिवळे, जास्त फुगलेल्या भिंतींना लाल. नाल्यालाही एका खांबावर लाल लागला. पंक्चरवाल्याच्या घराला मात्र, ते कोपऱ्यावर, तिथे नाला वळून लांब जायचा म्हणून, हिरवाच राहिला. "आणि तो चिखल स्वतःच धुवायचा," तिने बजावलं.

आत्याच्या दारावर लाल लावताना ती म्हणाली, "मागची खोली बंद. काठ बांधून होईपर्यंत भाऊंची खाट पुढे."

"पुढे?" आत्या म्हणाली. "पाहुण्यांच्या खोलीत?"

"बघ ताई, मला बढती मिळाली," भाऊ म्हणाला, आणि उशी काखोटीला मारून, कुणी विचार बदलायच्या आत, खाट पुढच्या खोलीत ओढून तिच्यावर आडवा झाला. पाय पुसले नाहीत. आत्याने ते पाहिलं आणि ती त्याला काही बोलली नाही.

"मॅडम, आता पुन्हा कधी येणार बघायला?" तिने विचारलं.

"सांगणार नाही."

"अहो, निदान अंदाजे."

"अजिबात नाही. तुम्ही लगेच चुना माराल."

आत्याने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पुढे होऊन तिच्या जॅकेटची चेन ओढली, एक बाही उतरवली, दुसरी उतरवली. इंजिनीअरबाई "अहो, अहो" म्हणेपर्यंत जॅकेट आत्याच्या हातात होतं.

"असल्या कपड्यात सरकारी काम करतं का कुणी? हे इथे राहू दे. धुऊन, इस्त्री करून ठेवते." आत्याने जॅकेटची घडी घातली. "न्यायला तर यावं लागेलच. झाली की मला तारीख माहीत."

"बरं," इंजिनीअरबाई म्हणाली. "मग मी दुसरं जॅकेट घेईन."

"घ्या की," आत्या म्हणाली. "त्याला चिखल लागेस्तोवरच ना?"

आतून खाटेवरून भाऊ ओरडला, "मॅडम, हार माना. मी केव्हाच मानली."